बीएस्सी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना एव्हिडन्स बेस्ड प्रॅक्टिस कशी शिकवायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्यूटर, क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आणि अधूनमधून विद्यार्थी, सगळ्यांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं एका जागी लिहून ठेवतेय. वरून खाली वाचलंच पाहिजे असं काही नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा.

एव्हिडन्स बेस्ड प्रॅक्टिस (ईबीपी) म्हणजे नेमकं काय? रिसर्चलाच नवीन नाव दिलंय का?

नाही हो. रिसर्चमध्ये आपण नवीन माहिती तयार करतो, आणि ईबीपीमध्ये दुसऱ्यांनी आधीच तयार केलेली माहिती शोधतो, पारखतो आणि आपल्या पेशंटला लागू पडत असेल तर वापरतो. डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली बीएमजेमध्ये (ब्रिटिश मेडिकल जर्नल) जी व्याख्या लिहिली तिचा गाभा हाच, की उपलब्ध असलेला सगळ्यात चांगला पुरावा आणि काम करणाऱ्याचा अनुभव एकत्र आणायचा, आणि पेशंटला काय हवंय तेही धरायचं. यातला अनुभव आणि पेशंट हे दोन भाग शिकवताना हमखास गळतात आणि मग मुलांना वाटतं की ईबीपी म्हणजे पेपर वाचणं. पायऱ्या पाच आहेत: प्रश्न विचारा, पुरावा शोधा, पारखा, वापरा, आणि वापरून काय झालं ते बघा. पाठ करायला पाच मिनिटं पुरतात, अंगी लागायला चार वर्षं लागतात.

आयएनसीच्या (इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या) सिलॅबसमध्ये रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्स सातव्या सेमिस्टरला आहे, मग आधीपासून कशाला डोकं खायचं?

कारण सातव्या सेमिस्टरपर्यंत सवयी पक्क्या झालेल्या असतात. २०२१ च्या सिलॅबसमध्ये विषय म्हणून रिसर्च सातव्यात आहे हे बरोबर, पण केअर प्लॅन तर मुलं पहिल्या वर्षाच्या फाउंडेशनपासूनच लिहितात ना, आणि त्यात रॅशनलचा, म्हणजे हे का करतो त्याचा, कॉलम असतो! माझ्या मते ईबीपी शिकवायची खरी जागा तो कॉलमच आहे. आज त्यात काय लिहिलं जातं ते कुठल्याही मुलीची फाइल उघडून बघा, "इन्फेक्शन होऊ नये म्हणून", "पेशंटला आराम मिळावा म्हणून", आणि हे सगळं मागच्या बॅचच्या फाइलमधून जसंच्या तसं उतरवलेलं. फक्त एक नियम करा, की प्रत्येक केअर प्लॅनमधल्या किमान एका इंटरव्हेन्शनच्या (पेशंटसाठी केलेल्या कृतीच्या) रॅशनलपुढे ते कुठून आलं ते लिहायचं, म्हणजे गाइडलाइनचं नाव आणि साल, पेपर, किंवा अगदी पाठ्यपुस्तकाचं पान सुद्धा चालेल. वेगळा तास लागत नाही, वेगळी परवानगी लागत नाही.

फर्स्ट इयरच्या मुलांना हे झेपणार आहे का?

पेपर पारखणं नाही झेपणार, आणि ते त्यांच्याकडून मागूही नका. त्यांच्याकडून एवढंच हवं की "हे असंच का करतो?" हा प्रश्न मनात आला की तो वहीत उतरवायचा. दुसऱ्या सेमिस्टरला हेल्थ इन्फॉर्मेटिक्स आहे, तिथे शोधायला शिकवा. अॅडल्ट हेल्थच्या पोस्टिंगला गाइडलाइन वाचायला लावा, आणि पूर्ण पेपर पारखायचं काम पाचव्या सेमिस्टरनंतर. फर्स्ट इयरच्या मुलांचे प्रश्न बऱ्याचदा थर्ड इयरपेक्षा चांगले असतात, कारण त्यांना अजून सगळं विचित्र वाटत असतं.

पिको (प्रश्नाचे चार तुकडे पाडायचा साचा) सगळ्यांना पाठ असतो पण प्रश्न बनवता येत नाही, काय करायचं?

कारण आपण उलट्या बाजूने शिकवतो, आधी पी, आय, सी, ओ फळ्यावर आणि मग एखादं बनावट उदाहरण. त्याऐवजी वॉर्डातून सुरुवात करा. समजा मुलीने विचारलं, "मॅडम, या पेशंटचं आयव्ही कॅन्युला छान चालू आहे, सूज नाही, लाली नाही, तरी तीन दिवस झाले म्हणून काढून दुसऱ्या हाताला का टोचायचं?" झाला की प्रश्न तयार! आता त्याचे तुकडे करायचे: पेशंट कोण, तर वॉर्डात अॅडमिट असलेला मोठा माणूस, काय करायचं, तर लक्षणं दिसली तरच कॅन्युला बदलायचं, कशाच्या तुलनेत, तर ठरलेल्या दिवशी बदलण्याच्या, आणि काय मोजायचं, तर फ्लेबायटिस (शिरेला सूज येणं) आणि इन्फेक्शन.

मजा म्हणजे याचं उत्तरही छान आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या हॉस्पिटल्समध्ये ३,२८३ पेशंटवर झालेली ट्रायल २०१२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलला आली, दोन्ही गटांत फ्लेबायटिस ७ टक्के, आणि पुढे कॉक्रेन रिव्ह्यूचाही (अनेक अभ्यास एकत्र पारखून काढलेला आढावा) कल त्याच बाजूचा. शिवाय ही ट्रायल नर्सिंगच्या लोकांनी पुढे होऊन केलेली आहे, हे मुलांना आवर्जून सांगा, कारण रिसर्च म्हणजे डॉक्टरांचं काम असं डोक्यात बसलेलं असतं. आता हे वाचून उद्यापासून आपल्या वॉर्डात कॅन्युला बदलणं बंद करायचं का, तर थांबा, "परदेशातला एव्हिडन्स आपल्याकडे लागू होतो का" हा खालचा प्रश्न आधी वाचा.

आमच्या कॉलेजला पेड डेटाबेस नाही, शोधायचं कुठे?

पबमेड (वैद्यकीय पेपर शोधायची साइट) फुकट आहे, पबमेड सेंट्रलवर पूर्ण पेपर फुकट मिळतात, डब्ल्यूएचओच्या गाइडलाइन फुकट आहेत, आणि कॉक्रेनच्या प्रत्येक रिव्ह्यूसोबत साध्या भाषेतला सारांश येतो तो कोणालाही वाचता येतो. बीएस्सीला यापेक्षा जास्त लागतच नाही. अडचण डेटाबेसची नसून शोधायच्या पद्धतीची असते, मुलं पूर्ण वाक्य टाइप करतात आणि मग चार हजार रिझल्ट बघून घाबरतात. पिकोच्या तुकड्यांतले दोनच शब्द घ्या, मधे अँड टाका, समानार्थी शब्द असतील तर ऑर, आणि फिल्टरमध्ये सिस्टिमॅटिक रिव्ह्यूवर (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास एकत्र पारखणारे पेपर) टिक करा. पहिली पाच-सहा नावं वाचूनच अंदाज येतो. आणि हे मोबाइलवर शिकवा बरं का, कॉम्प्युटर लॅबची किल्ली कोणाकडे आहे हे शोधण्यात तास जातो.

मुलं मराठी मीडियमची आहेत, इंग्रजी पेपर वाचताच येत नाहीत.

खरं सांगायचं तर इंग्रजी मीडियमवाल्यांनाही येत नाहीत, फक्त ते कबूल करत नाहीत. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला लावूच नका. आधी शीर्षक, मग अॅबस्ट्रॅक्टमधला निष्कर्ष, मग किती लोक होते आणि गट कसे पाडले, मग मुख्य टेबल. इंट्रोडक्शन आणि डिस्कशन सोडून द्या, भाषेची अवघड कसरत बहुतेक तिथेच असते. चर्चा मराठीत करा, सरळ मराठीत. रँडमायझेशन समजलं की नाही हे बघायला "चिठ्ठ्या टाकून गट पाडले का वॉर्ड बघून पाडले?" असं विचारलं तरी पुरतं. पारखायला कॅस्पच्या चेकलिस्ट (पेपर पारखायच्या प्रश्नांच्या याद्या) फुकट मिळतात, त्यातले पहिले तीन-चार प्रश्न घेऊन सुरुवात करा, सगळ्या भरायला लावल्या की मुलं डोळे मिटून "येस" वर टिक करत सुटतात.

स्टॅट्स म्हटलं की वर्ग झोपतो. आकडे कसे शिकवायचे?

फॉर्म्युले नंतर, आधी बाळं मोजा. कांगारू मदर केअरची (केएमसी, म्हणजे बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवणं) डब्ल्यूएचओची ट्रायल २०२१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलला आली, त्यात दिल्लीचं सफदरजंग हॉस्पिटल होतं आणि बाकी घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया. १ ते १.७९९ किलो वजनाची ३,२११ बाळं. एका गटात जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी, दुसऱ्या गटात नेहमीप्रमाणे आधी स्टेबल होऊ देऊन मग केएमसी. २८ दिवसांत मृत्यू पहिल्या गटात १२.० टक्के आणि दुसऱ्या गटात १५.७ टक्के.

आता वर्गाला विचारा, फायदा किती? एक जण म्हणेल २५ टक्के, दुसरी म्हणेल साडेतीन-चार टक्के, आणि दोघंही बरोबर असतात! १५.७ च्या मानाने १२ म्हणजे साधारण पाव हिश्शाने कमी, हा रिलेटिव्ह फरक. आणि शंभर बाळांमागे ३.७ बाळं जास्त वाचली, हा अॅब्सोल्युट फरक. १०० ला ३.७ ने भागलं की २७ येतात, म्हणजे अशा साधारण २७ बाळांना लगेच केएमसी दिली तर एक जास्तीचं बाळ वाचतं. एनएनटी (नंबर नीडेड टू ट्रीट) म्हणजे एवढंच, आणि हे एनआयसीयूच्या पोस्टिंगला बाळांसमोर उभं राहून सांगितलं तर कोणी विसरत नाही. औषध कंपनीच्या जाहिरातीत नेहमी पहिलाच आकडा का असतो हेही मग मुलांना आपोआप कळतं. पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने असा निकाल मिळायची शक्यता) त्यानंतर शिकवा, आणि पी लहान आहे म्हणजे फायदा मोठा आहे असं नसतं हे तेव्हाच सांगून टाका.

जाता जाता या ट्रायलवर पारखायचा प्रश्नही मिळतो: इथे ब्लाइंडिंग (कोण कुठल्या गटात आहे हे लपवणं) शक्य होतं का? आईला माहीतच असणार ना बाळ छातीशी आहे ते! मग निकाल बाद करायचा का? मृत्यू ही गोष्ट बघणाऱ्याच्या मतावर फारशी अवलंबून नसते, वेदनेचा स्कोअर असता तर गोष्ट वेगळी होती. असे वाद वर्गात होऊ द्या.

पुराव्याच्या पिरॅमिडमध्ये (अभ्यासांच्या प्रकारांची उतरंड) वर ते बरोबर आणि खाली ते टाकाऊ, असंच ना?

असं शिकवलं की मुलं आरसीटी (चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली ट्रायल) हा शब्द दिसला की डोळे झाकून मान डोलावतात. पिरॅमिड हा अंदाज आहे, वाईट आरसीटीही असतात आणि उत्तम साधे अभ्यासही असतात. आपल्याच गडचिरोलीचं उदाहरण द्या. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च या संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी द्यायला गावातल्याच बायकांना शिकवलं, ४७ गावं तुलनेसाठी ठेवली, आणि १९९९ मध्ये लॅन्सेटला आलेल्या पेपरप्रमाणे नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, म्हणजे पिरॅमिडच्या हिशोबाने एक पायरी खाली. पण परिणाम एवढा मोठा होता की तो नुसत्या गाव-निवडीतल्या फरकाने समजावणं अवघड, आणि नंतर २०११ पासून हेच एचबीएनसी (होम बेस्ड न्यूबॉर्न केअर) म्हणून देशभर आशांकडे आलं. कम्युनिटी पोस्टिंगला मुलं आशाताईंसोबत गृहभेटीला जातात आणि तो फॉर्म भरताना बघतात, पण त्या फॉर्ममागे आपल्या राज्यातला एक अभ्यास आहे हे त्यांना कोणी सांगत नाही.

आणि "आई केएमसी मधेच का सोडते?" असा प्रश्न असेल तर आरसीटी शोधून उपयोगच नाही, तिथे मुलाखतींवर आधारलेले क्वालिटेटिव्ह अभ्यास वाचायचे. पुरावा कुठला चांगला ते प्रश्नावर ठरतं.

पुस्तकात एक, वॉर्डात दुसरं, गाइडलाइनमध्ये तिसरं. परीक्षेत काय लिहायचं?

हा प्रश्न विद्यार्थ्यांकडून सगळ्यात जास्त येतो आणि तो रास्त आहे. बॅक केअर घ्या. स्पिरिट आणि पावडर लावून पाठीला, हाडांच्या उंचवट्यांवर मसाज, हे पिढ्यान्‌पिढ्या प्रोसिजर बुकात आहे. प्रेशर इंज्युरीच्या (बेडसोरच्या) आंतरराष्ट्रीय गाइडलाइन हाडांच्या उंचवट्यांवर चोळायला नको म्हणतात, रिंग किंवा डोनट वापरू नका म्हणतात, आणि आपल्या वॉर्डातला लाडका जुगाड, टाचेखाली पाणी भरलेला ग्लोव्ह, तोही नको म्हणतात. अशा वेळी पेपरात विचारलेली प्रोसिजर लिहा आणि खाली एक ओळ जोडा, "सध्याच्या गाइडलाइननुसार अमुक टाळावं". मार्क जात नाहीत, उलट चांगला एक्झामिनर खूश होतो. व्हायवाला मात्र एक्झामिनर मॅडमना "तुमचं चुकतंय" या सुरात सांगू नका, "मॅडम, नवीन गाइडलाइनमध्ये असं वाचलं" एवढं पुरतं.

शिकवणाऱ्यांसाठी: दरवर्षी एक प्रोसिजर चेकलिस्ट काढा आणि मुलांनाच ती अपडेट करायला लावा. याहून चांगला असाइनमेंट मला तरी माहीत नाही.

वॉर्डात इनचार्ज सिस्टर म्हणतात "आम्ही वीस वर्षं असंच करतोय". विद्यार्थ्याने काय करायचं?

पहिलं म्हणजे वाद घालायचा नाही, आणि स्वतःच्या अधिकारात पद्धत बदलायची तर अजिबात नाही. विद्यार्थी तिथे पाहुणा आहे, आणि सिस्टरकडे एकाच ड्यूटीत चाळीस पेशंट असू शकतात. दुसरं म्हणजे त्या वीस वर्षांत खरंच ज्ञान असतं, कोणता पेशंट रात्री बिघडणार हे सिस्टरला मॉनिटरच्या आधी कळतं आणि ते कुठल्या पेपरात मिळत नाही.

पण तरी प्रश्न विचारायची रीत शिकवता येते. उदाहरणार्थ पार्ट प्रिपरेशन. ऑपरेशनच्या आदल्या रात्री ब्लेडने शेव्हिंग अजून कितीतरी ठिकाणी चालतं, आणि डब्ल्यूएचओच्या २०१६ च्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट आहे की केस काढूच नका, काढावेच लागले तर क्लिपरने काढा, ब्लेड नको, कारण ब्लेडने त्वचेला बारीक जखमा होतात आणि तिथून जंतू शिरतात. आता मुलीने सिस्टरना "हे चूक आहे" म्हटलं तर विषय तिथेच संपला. "सिस्टर, आपल्याकडे क्लिपर येतो का? आम्हाला असाइनमेंटला हे वाचायला दिलंय" असं म्हटलं तर बऱ्याचदा सिस्टरच सांगतात की इंडेंट (मागणीपत्र) टाकलेला पण आला नाही. म्हणजे अडचण माहितीची नव्हतीच, खरेदीची होती! हे कळणं हाही ईबीपीचाच भाग आहे. पुढचं काम ट्यूटरचं, ते इन्फेक्शन कंट्रोल नर्स किंवा मेट्रन मॅडमपर्यंत नेणं, विद्यार्थ्याच्या खांद्यावर ते टाकू नये.

पेशंटला तिथल्या तिथे धोका दिसत असेल, चुकीचं औषध, चुकीचा पेशंट वगैरे, तर मात्र हा ईबीपीचा विषय नाही, लगेच बोलायचं.

परदेशातला एव्हिडन्स आपल्याकडे लागू होतो का?

कधी होतो, कधी नाही, आणि "का" ते शोधायचं. वरच्या कॅन्युलाच्या ट्रायलमध्ये लक्षणं दिसली की काढायचं असं होतं, म्हणजे कोणीतरी रोज ती जागा बघत होतं हे त्यात गृहीत आहे. ज्या वॉर्डात नाइटला एक स्टाफ आणि पन्नास पेशंट आहेत तिथे बघणारच कोणी नसेल तर "गरज पडल्यावर बदलू" याचा अर्थ "कोणीच बदलणार नाही" असा होऊ शकतो. आकडा खरा असतो, पण तो ज्या व्यवस्थेत मिळाला ती व्यवस्था आपल्याकडे आहे का ते बघायचं.

दुसरं उदाहरण नाळेचं, आणि इथे तर सगळे अभ्यास आपल्यासारख्याच देशांतले आहेत. नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तानातल्या ट्रायल्समध्ये नाळेला क्लोरहेक्सिडीन लावल्याने बाळांचे मृत्यू कमी झाले. मग झांबिया आणि टांझानियातल्या पेम्बा बेटावर मोठ्या ट्रायल्स झाल्या, तिथे मृत्यूंमध्ये तसा फायदा दिसला नाही. डब्ल्यूएचओने २०२२ मध्ये सांगितलं की नाळ स्वच्छ आणि कोरडी ठेवा, आणि क्लोरहेक्सिडीन फक्त तिथे जिथे नाळेला घातक काहीबाही लावायची पद्धत सर्रास आहे. आता मुलांना विचारा, आपल्या पीएचसीच्या भागात काय लावतात? हळद, तेल, राख? उत्तर पबमेडवर नाही, गृहभेटीत मिळेल.

पेशंट किंवा घरचे ऐकतच नसतील तर? एव्हिडन्स मोठा की त्यांची इच्छा?

आधी ती गोष्ट घातक आहे का ते ठरवा. बाळंतिणीने कान बांधले, डिंकाचे लाडू खाल्ले, तर आपलं काही बिघडत नाही, तिथे व्याख्यान नको. पहिलं दूध पिळून टाकणं किंवा बाळंतिणीला पाणीच कमी देणं, इथे मात्र बोलायला हवं, आणि सुनेशी नाही तर सासूबाईंशी, कारण निर्णय तिथे होतो. मुलांना रोल प्ले करायला लावा. पेशंटला पर्याय नीट समजावून सांगणं आणि त्याने दुसरा निवडला तर ते मान्य करणं, हे ईबीपीच्या व्याख्येतच बसतं (पहिला प्रश्न बघा).

शेवटच्या वर्षाचं ग्रुप प्रोजेक्ट नेहमी "स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅमची परिणामकारकता" असंच का असतं?

कारण ते सोपं आहे आणि निकाल आधीच माहीत असतो. प्री-टेस्ट घ्या, तासभर शिकवा, पुन्हा तोच पेपर द्या, मार्क वाढणारच! कंट्रोल ग्रुप नाही, आठवड्यानंतर काय उरलं ते माहीत नाही, आणि ज्ञान वाढलं म्हणून वागणं बदललं का तेही नाही. तरी शेवटी पी शून्य पूर्णांक शून्य पाचपेक्षा कमी, एच वन (परिणाम होतो हे गृहीतक) अॅक्सेप्टेड, बायंडिंग, सबमिशन.

त्यापेक्षा ऑडिट करा. एका वॉर्डात कॅन्युलाच्या ड्रेसिंगवर तारीख लिहिलेली आहे का, हे ठरावीक पेशंटमध्ये बघा, गाइडलाइनशी तुलना करा, इनचार्जना दाखवा. खर्च नाही, शिकायला भरपूर. विषय लहान दिसतो म्हणून गाइड नाक मुरडतात, पण चारजणींनी नीट केलेलं छोटं काम जाड बायंडिंगपेक्षा बरं.

ऑडिटला एथिक्स कमिटीची परवानगी लागते का?

स्वतः ठरवू नका, कमिटीलाच विचारा, आणि हॉस्पिटलची लेखी परवानगी तर हवीच. पेशंटवर काही वेगळं करून बघणार असाल तर चर्चाच नको, आधी एथिक्स कमिटी, मग संमती, आणि इंटरव्हेन्शन असेल तर पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआयवर (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया) नोंदणी.

मुलं सगळं चॅटजीपीटीवरून आणतात, काय करू?

बंदी घालून काही होत नाही. एकच अट ठेवा, प्रत्येक संदर्भ पबमेडवर उघडून दाखवायचा आणि त्यातलं मुख्य टेबल समजावून सांगायचं. ही टूल्स अस्तित्वात नसलेले पेपर अगदी खऱ्यासारखे बनवून देतात, लेखक, जर्नल, साल सगळं. एकदा वर्गात असा खोटा संदर्भ सगळ्यांसमोर शोधायला लावा, बाकीचं काम आपोआप होतं. शब्द सुचवायला, अवघड परिच्छेद मराठीत समजून घ्यायला वापरलं तर माझी हरकत नाही.

ईबीपी आली की नाही हे तपासायचं कसं?

"तुम्हाला ईबीपी किती येते, १ ते ७ मध्ये सांगा" छापाच्या प्रश्नावल्या असतात, अप्टन यांची ईबीपीक्यू त्यातली प्रसिद्ध, पण त्यातून मुलांचा आत्मविश्वास कळतो, कौशल्य कळेलच असं नाही. फ्रेस्नो टेस्टमध्ये प्रसंग देऊन खरंच प्रश्न बनवायला, शोधायला लावतात, ती कल्पना उचला. एक छोटी केस, वीस मिनिटं, मोबाइलला परवानगी. प्रश्न बरा बनवला का, शोध कसा घेतला, आणि "या पेशंटला हे लागू का किंवा का नाही" यावर दोन ओळी. सगळ्यात जास्त मार्क त्या दोन ओळींना द्या.

शोधूनही काहीच सापडलं नाही तर केअर प्लॅनमध्ये काय लिहायचं?

तसंच लिहायचं, "थेट पुरावा सापडला नाही, वॉर्डच्या प्रोटोकॉलप्रमाणे केलं", आणि कुठे, कोणते शब्द टाकून शोधलं ते. पण त्याआधी शब्द बदलून पुन्हा एकदा शोधा, बेडसोर टाकून काही न मिळालेल्यांना प्रेशर इंज्युरी टाकल्यावर ढीगभर मिळतं. आणि ट्यूटर मंडळी, खरंच शोधून रिकामा परत आलेला तो कॉलम दिसला तर पूर्ण मार्क द्या.